मोदक घ्यायचा की नाही?



गेल्या गणपतीतली गोष्ट. माझी भाची, वय सोळा, जन्म न्यू जर्सीचा. आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर), घरात ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. रविवारी चर्च, आणि गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या लेझीम पथकात पोरगी पहिल्या रांगेत. यात वावगं काही आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

आरतीनंतर एका काकूंनी प्रसादाचा मोदक पुढे केला. ही म्हणाली, "नको काकू." काकू सहज बोलून गेल्या, "अगं हो, तुम्ही कन्व्हर्टेड ना? कधी झालात?" आता हिने काय सांगावं? पणजोबांना विचारून कळवते? पुढच्या शुक्रवारी चर्चच्या यूथ ग्रुपमध्ये तिथल्या लीडरने लेझीमचा फोटो पाहिला. मुलगा चांगला आहे, पण त्याने सरळ विचारलं, "तू मूर्तीपुढे नाचतेस?"

रात्री फोन. "मामा, मी लेझीम सोडू का?" मग जरा थांबून, "की चर्च?"

मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, मला कुठलं येतंय याचं उत्तर! म्हटलं, करिंथकरांस पहिलं पत्र काढ, आठवा अध्याय. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खावा की नाही, हाच करिंथच्या लोकांचा प्रश्न होता. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काही नव्हेच, खाल्ल्या-न खाल्ल्याने देवापुढे फरक पडत नाही. पण आपल्या खाण्याने दुसऱ्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागू देऊ नये. तिने तिथल्या तिथे वाचलं आणि म्हणाली, "पण दहाव्या अध्यायात तर तो कडक बोलतो." ते माझ्या ध्यानातच नव्हतं!

मग मी विषय बदलला (पळालो म्हणा हवं तर) आणि पंडिता रमाबाईंचं सांगितलं. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण शाकाहार सोडला नाही. पटल्याशिवाय कुठली शिकवण मानेनात. एका पुरोहितांचं जोखड नुकतं उतरवलंय, आता दुसरं घेणार नाही, असं त्यांनी सिस्टर जेराल्डीनना पत्रातून सुनावलं. आणि 1886 च्या मार्चमध्ये याच आपल्या शेजारच्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. एक ख्रिस्ती, एक हिंदू. रेव्हरंड टिळकांचंही सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं त्या घरात काय झालं असेल! त्याच टिळकांनी ख्रिस्तावर अभंग रचले आणि 1917 साली 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

ती ऐकत राहिली. मग विचारलं, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

खरंच का नाही सांगितलं? संडे स्कूलला सोडलं, वचनं पाठ करून घेतली, सॉकरची मॅच रविवारी आली की ताईने कोचशी वाद घातला. आपली माणसं कोण, हे मात्र राहून गेलं. त्यामुळे पोरांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे गोरे आणि मराठी म्हणजे हिंदू. आपण मधले कुठले? यात दोष लीडरचाही नाही आणि काकूंचाही नाही, आमचा आहे.

शेवटी तिनेच ठरवलं. मिरवणुकीत लेझीम खेळायची, आरतीच्या वेळी बाजूला थांबायचं, आणि कुणी विचारलं तर न लाजता कारण सांगायचं. काकूंना तिने सांगून टाकलं. त्या आधी ओशाळल्या, मग नैवेद्याआधीच वेगळे काढलेले अकरा मोदक डब्यात घालून घरी पाठवले. त्यातले चार मी खाल्ले.

लीडरला अजून पटलेलं नाही. ही दर शुक्रवारी जाते आणि वाद घालून येते. ताईला काळजी वाटते, एखाद्या दिवशी जायचीच थांबली तर? मला तशी भीती नाही, म्हणजे फारशी नाही. दहाव्या अध्यायाचं उत्तर मात्र तिने माझ्याकडे मागितलंय, आणि ते मी अजून दिलेलं नाही.