आमच्या कवितेला धार आहे म्हणे

मागं एका कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या. खाली उतरलो तर झब्बेवाल्या एका प्राध्यापकानं माझा हात हातात घेतला. "वा! काय धार आहे हो तुमच्या शब्दांना!" मी विचारलं, सर, तुम्ही कधी सुरीला धार लावलीय? ते हसले. त्यांना वाटलं मी आणखी एक कविता म्हणतोय.

दोस्तहो, पन्नास वर्षं हेच चाललंय. आपण तोंड उघडलं की हे लोक 'धारदार' म्हणतात आणि चहाला जातात. आणि आपणही खूश! पाठीवर थाप पडली की आपल्याला वाटतं, आता व्यवस्था फाटली. तेव्हा धार म्हणजे काय ते एकदा बोलून घेऊ. मी मॅट्रिक पास, गोदीत पोती फोडणारा माणूस. समीक्षा मला येत नाही, हे येतं.

धार विकत मिळत नाही, काढावी लागते, लोखंड झिजवून. दगड पाण्यात भिजवायचा, सुरीचा कणा दगडापासून करंगळीच्या जाडीएवढा उचलायचा आणि तो कोन शेवटपर्यंत सोडायचा नाही. मनगट हललं की मेहनत पाण्यात. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कड उलटून येते. डोळ्याला दिसत नाही, बोटाच्या पेराला खरखरते. माझा आजा तिला 'तार' म्हणायचा. तार मुठीपासून टोकापर्यंत लागली म्हणजे दोन्ही उतार एका रेषेत भेटले. मग बाजू पालटायची आणि हात हलका करत जायचा.

नवशिका इथंच फसतो. तार आलेली सुरी पहिली दोन पोती अशी फाडते की वाटतं, लागली धार! तिसऱ्या पोत्याला तार दुमडते आणि सुरी मेली. असे आपले तरुण मी कमी पाहिले नाहीत. पहिल्या मोर्चात माईक फोडतात, तिसऱ्या मोर्चाच्या दिवशी कुठल्यातरी आमदाराच्या गाडीत मागच्या सीटवर. धार लागलीच नव्हती त्यांना. नुसती तार होती.

तार काढायला चामडं लागतं. जुना कमरपट्टा खिळ्याला अडकवायचा, ताणून धरायचा. कणा पुढं, धार मागं. धार पुढं केली तर पट्टाच कापला जातो. टोकाला गेल्यावर सुरी कण्यावर पालटायची, परत ओढायची. दहा-पंधरा वेळा, बस्स. मी जोर लावला की आजा ओरडायचा, "आरं दाबू नगंस! दाबलंस की कातडं खाली बसतंय आन् धार गोल हुती." दगड महिन्यातून एकदा, पट्टा रोज. कामाला जायच्या आधी, भाकरी बांधून होईपर्यंत त्याचं हे उरकलेलं असायचं. यात टाळ्या नाहीत. ठिणग्यासुद्धा नाहीत. ठिणग्या पाहिजेत तर नाक्यावर सायकलवाला धार लावतो तिथं जा, पोरं जमलेली असतात. पोटासाठी करतो बिचारा, त्याला घाई असते. पण कोरड्या चाकावर पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. मग किती घासा, धार टिकत नाही.

आता ते कातडं. ते आलं कुठून? गावात मेलेलं जनावर ओढलं महारानं, सोललं महारानं, कमावलं ढोरानं, कापलं-शिवलं चांभारानं. त्याच कातड्याचा पट्टा न्हाव्याच्या धोकटीत गेला. त्यावर परजलेल्या वस्तऱ्यानं पाटील-कुलकर्ण्यांचे गाल गुळगुळीत झाले. आणि तो वस्तरा आमच्या गालाला लागत नव्हता, कारण न्हावी बाटला असता! आमच्या लोकांनी महारवाड्यात एकमेकांची डोकी भादरली. धार लागेपर्यंत सगळं आमचं, धार लागली की आम्ही शिवेबाहेर.

पण न्हाव्याला शिव्या घालून थांबू नका. त्याच न्हाव्यांनी १८९० साली मुंबईत विधवांची डोकी भादरायला नकार दिला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. वस्तरा चालवून पोट भरणारा माणूस वस्तरा मिटून बसला. झब्बेवाल्यांना ही धार कळत नाही, कारण तिच्यातून काही कापल्याचा आवाज येत नाही.

आपल्या माणसांचंही तेच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. गावोगाव लोकांनी मांस सोडलं, ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. माझ्या पणज्यानं १९५६ च्या दीक्षेनंतर सोलायची सुरी नदीत फेकली. आजा तेव्हा पंधरा वर्षांचा, काठावर उभा होता. सुरी गेली, पण निसणा पणज्यानं ठेवला. म्हणाला, विळ्याला लागंल. तो निसणा आजानं मुंबईला आणला. दिवसभर गोदीत हूक मारून पोती उचलायची आणि रात्री खोलीत बसून अख्ख्या चाळीच्या विळ्या-सुऱ्यांना धार लावून द्यायची, फुकट. मधोमध झिजून त्याची होडी झालीय. आज माझ्याकडं आहे.

म्हणून कुणी 'पारंपरिक कसब' वगैरे बोलायला लागलं की माझं डोकं सरकतं. प्रदर्शनात मांडायचं, फोटो काढायचे आणि म्हणायचं, किती सुंदर हात! जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथं ह्याच कसबासाठी आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. मेलेली गाय सोलत होते, एवढाच गुन्हा. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरं आणून कलेक्टर कचेरीपुढं टाकली. घ्या तुमची गाय, तुम्हीच उचला! सुरी खाली ठेवणारे ते लोक सुरी धरायला विसरले नव्हते. फरक इथं आहे. ज्याला कापता येतं त्याच्याच नकाराला किंमत येते.

आता माझ्या कामाचं. आमच्या हातात आता कटर असतो, मोडत जायच्या पात्याचा. बोथट झालं की टोकाचा तुकडा कडकन तोडायचा, पातं पुढं सरकवायचं. हे काढलं ओसाकाच्या ओकाडा नावाच्या माणसानं, तेही १९५६ साली. छापखान्यात कागद कापणारा कामगार. बोथट पाती टाकून द्यायला लागतात म्हणून त्यानं डोकं चालवलं. चांभार फुटक्या काचेनं तळ घासतात, काच बोथट झाली की पुन्हा फोडतात, ते त्याला आठवलं म्हणतात. कामगाराचं डोकं, मला त्याच्याबद्दल आदरच आहे. पण ठेकेदाराच्या हातात गेल्यावर त्या पात्याचा कायदाच झाला. कंत्राटी माणूस म्हणजे मोडायच्या पात्याचा तुकडा. बोथट झाला, तोडा, पुढचा सरकवा.

आणि पाती तरी कुठं देतात? गेल्या पावसाळ्यात एका गोदामात आमच्या टोळीला आठवड्याला दोन पाती मोजून मिळत होती. अकरा माणसं! आमच्यातला एक पोरगा, वय एकोणीस, घरची भाजीची सुरी घेऊन यायचा. बोथट. धारेची सुरी आपल्या वजनानं जाते, बोथट सुरीला खांदा लावावा लागतो. ओल्या पोत्यावरून ती घसरली आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शीर कापून हाडाला टेकली. अंगठा आजही वाकत नाही. ठेकेदार म्हणाला, सुरी तुझी, हात तुझा, आमचा काय संबंध?

संबंध आहे. कामावर असताना कामामुळं इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, हे ह्या देशात १९२३ पासून कायद्यात आहे. हत्यार कुणाच्या घरचं, हा प्रश्न तिथं येतच नाही. पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी धारदार कविता लिहिणारा, तोंडात मूग गिळून उभा राहिलो. त्या रात्री एक कविता लिहिली. चांगली होती. संमेलनात ज्या दोन वाचल्या त्यातली एक तीच. प्राध्यापकांना जिची धार आवडली ती ही.

आणि मला तिची लाज वाटते. त्या पोराला कविता नको होती. वेळेत अर्ज, दवाखान्याचा कागद आणि दोन साक्षीदार हवे होते. त्यातला एक साक्षीदार मी होतो. आता अर्ज केलाय, उशिरानं. साक्ष मी देणार आहे. ठेकेदारानं निरोप पाठवलाय की नीट विचार कर, पुढच्या महिन्यात नावं नव्यानं लागणार आहेत.

टोळीत ठरलंय की प्रत्येकाला हत्यार आणि हातमोजे मिळेपर्यंत पोतं फोडायचं नाही. अकरापैकी नऊ जण तयार आहेत. दोघांची घरं अडचणीत, त्यांना मी दोष देत नाही. बाकीच्यांना रविवारी आमच्या खोलीवर बोलावलंय. आधी अर्ज वाचू, मग ज्यानं त्यानं आपापली सुरी आणायची. निसणा आहे. पट्टा मात्र आजाबरोबर गेला, तो कमरेला होता तसाच जाळला. कुणाकडं जुना चामड्याचा असेल, प्लॅस्टिकचा नव्हे, तर घेऊन या.