हळदीची कैफियत

भंडारा-नागपूर हमरस्त्यावरील शहापुरासारख्या गावातून एखादा कर्करोगी उपचारासाठी नागपुरास निघाला, की त्याला सल्ला देणाऱ्यांत दोन पक्ष पडतात. पहिला म्हणतो, वनस्पती निसर्गदत्त म्हणून निरुपद्रवी आणि पूर्वजांनी वापरलेली म्हणून सिद्ध. तेव्हा सलाइन आणि किरणे सोडावीत, हळद घ्यावी. दुसरा वनौषधीचे नाव निघताच नाक मुरडतो, आणि तिच्यातील द्रव्ये अतिसूक्ष्म कणांत बसविण्याच्या साऱ्या खटाटोपास जुन्या काढ्यावर डकविलेली नवी चिठ्ठी समजतो. पहिल्याच्या नादाने माणसे उपचारास मुकतात, म्हणून त्याचा समाचार आधी घेणे प्राप्त आहे.

या पक्षाचा आवडता दाखला हळदीच्या पेटंटचा. १९९५ साली जखमेवर हळद वापरण्याच्या उपायास अमेरिकेत पेटंट मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिने हरकत घेऊन ३२ संदर्भांचे दप्तर रुजू केले आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. हकीकत खरी आहे व अभिमानाचीही आहे. परंतु त्या कज्ज्याचा निकाल लागला तो एवढ्याच मुद्द्यावर, की ही गोष्ट नवी नव्हे. हळदीने जखम कितपत भरते याचा निवाडा तेथे मागितलेलाच नव्हता, आणि कर्करोगाशी तर त्या पेटंटाचा संबंधही नव्हता. प्राचीनत्वाचा दाखला गुणाचा म्हणून वटविणे, हा हळदीवरच अन्याय होय.

आता गुणाचा हिशेब पाहू. हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य वजनाने सुमारे ३ टक्के. चाचण्यांत माणसांना शुद्ध कर्क्युमिन रोज ८ ग्रॅमपर्यंत, म्हणजे पाव किलोहून अधिक हळदीतले, देण्यात आले. तरीही रक्तात ते मिलिलिटरमागे एक मायक्रोग्रॅमदेखील भरले नाही, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडे शोषले जाते त्याचे रूप आतड्याची भिंत व यकृत तत्काळ पालटून टाकतात. काचेच्या बशीत कर्क्युमिनने कर्कपेशी मेल्या, हे बेलाशक खरे. पण बशीला यकृत नसते.

निरुपद्रवीपणाच्या दाव्यास उत्तर नंदुरबारात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांच्या कार्यातच सापडते. त्यांनी व मन्रो वॉल यांनी १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारे द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या वनस्पतीतही आहे. त्याच्या लवणाच्या पहिल्या चाचण्या १९७०च्या सुमारास झाल्या, तेव्हा रुग्णांच्या मूत्राशयातून रक्त जाऊ लागले आणि त्या थांबवाव्या लागल्या.

दुसऱ्या पक्षाचे खंडनही वाणींच्याच हातून व्हावे, हा मोठा मौजेचा योग. १९७१ साली त्यांनी व वॉल यांनी यू वृक्षाच्या सालीतील टॅक्सॉल या कर्करोगावरील द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. तेही पाण्यात विरघळेना, म्हणून एरंडेलापासून सिद्ध केलेल्या द्रावकातून शिरेत सोडावे लागे. आणि त्या द्रावकाचीच काहींना इतकी भयंकर बाधा होई, की आधी स्टेरॉइड देऊन मग तीन-तीन तास सलाइन चालवावे लागे. पुढे रक्तातल्याच अल्ब्युमिन या प्रथिनाला वाहन करून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनविण्यात आले. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ४५४ रुग्णांच्या चाचणीत गाठी लक्षणीय आक्रसल्याचे प्रमाण जुन्या औषधाने १९ टक्के होते, ते नव्याने ३३ टक्के भरले, आणि सलाइन अर्ध्या तासावर आले. रेणू तोच, बदलले ते वाहन आणि त्यामुळे देता आलेली मोठी मात्रा. चिठ्ठी डकवून हे साधत नाही. त्याच चाचणीत नसांना तीव्र इजा २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेली, हेही लपविण्याचे कारण नाही.

माझे म्हणणे यातूनच निघते. वनस्पती रेणू देते. त्याचे औषध होते ते मात्रेने आणि वाहनाने. आणि वाहन जितके समर्थ, तितकी सिद्धतेची जबाबदारी जड. स्वयंपाकातली हळद सहसा बाधत नाही, याचे एक कारण ती अंगात फारशी शिरत नाही हेच असावे. शोषण वाढविलेल्या तिच्या गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी इटली व अमेरिकेत आहेत.

जखमेचा प्रश्न निराळा आणि माझ्या मते अधिक आशेचा, कारण तेथे औषध जागेवरच लावायचे असते व यकृताचा नाका आड येत नाही. भंडाऱ्याच्या कोसा रेशमाला येथे वाहन म्हणून मान आहे. ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्याच्या या रेशमात आर्जिनिन, ग्लायसिन व आस्पार्टिक आम्ल यांचा, पेशींना पकड देणारा असा अनुक्रम आहे, जो तुतीच्या रेशमात नाही. रेशमाच्या प्रथिनात कर्क्युमिन बसवून ते हळूहळू सोडविण्याचे प्रयोग प्रयोगशाळांतून झाले आहेत. पैठणीच्या कौतुकात कोशाला विसरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

राहता राहिला विक्रेत्यांचा प्रश्न. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि नॅनो-औषधांच्या परीक्षणासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ‘नॅनो हळद’ विकणाऱ्याने कणांचा आकार, वाहनाचे द्रव्य आणि माणसांवरील चाचण्यांचे दप्तर मांडावे. आणि ती डबी ज्याच्या हाती पडली, त्याने ती आपल्या डॉक्टरांपासून लपवू नये. कारण शोषण वाढावे म्हणून तिच्यात पुष्कळदा घातलेले मिरीतील पायपरिन यकृताचे जे काम मंदावते, त्याच कामाच्या भरवशावर सलाइनमधल्या कित्येक औषधांची मात्रा ठरविलेली असते.