'मॅनहँडल' म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, 'मॅनहँडल' हा शब्द कधी डिक्शनरीत बघितलाय? मी फर्स्ट इयरला असताना बघितला. तेव्हा मी राहायचो त्या होस्टेलवर एका रात्री सिनिअर्सनी एका पोराला कॉरिडॉरमध्ये उभं केलं आणि कानाखाली वाजवल्या. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. कुणीच बाहेर आलं नाही. मीसुद्धा कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी बोर्डवर नोटीस – 'विद्यार्थ्याला मॅनहँडल केल्याबद्दल समज देण्यात येत आहे.' संपलं!

डिक्शनरीत दोन अर्थ सापडले. पहिला, यंत्राशिवाय, माणसांच्या ताकदीवर जड वस्तू हलवणे. दुसरा, एखाद्याशी धसमुसळेपणाने वागणे, धक्काबुक्की करणे.

पहिला अर्थ मला शिकवायची गरज नव्हती. मी पाटोद्याचा. आमच्याकडची घरंच्या घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढायचं आणि ट्रक भरायचा. क्रेन नाही की काही नाही. याला म्हणतात मॅनहँडलिंग!

पण मोळीला दुखत नाही, पोराला दुखतं. 'मॅनहँडल केलं' म्हटलं की कसं सौम्य वाटतं, जणू टेबल इकडचं तिकडे सरकवलं. 'मारलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतात. कुणी मारलं? का मारलं? पुढे काय केलं?

कायदा मात्र सौम्य नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोष सिद्ध झाला तर कॉलेजमधून नाव कमी होऊन पाच वर्षं दुसरीकडेही ॲडमिशन नाही. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. म्हणून सरांना आणि रेक्टरांना नम्र विनंती, नोटीस साध्या मराठीत लिहा. मारलं असेल तर 'मारलं' लिहा.

आणि सिनिअर मित्रांनो, ऊसतोडीत मोळी जड झाली की माणूस शेजारच्याला म्हणतो, "जरा हात दे रे." घर सोडून पहिल्यांदा होस्टेलवर आलेलं पोरगंही तेच मागत असतं. हात द्यायचा की हात टाकायचा, हे आपल्याच हातात आहे.

बघा पटतंय का!

– एक पाटोदेकर, तृतीय वर्ष (मेकॅनिकल)