बाहेरचे

पुरुषवाचक सर्वनामे हा विषय वर्गाला हमखास पेंग आणणारा. बोलणारा तो ‘मी’, ऐकणारा तो ‘तू’, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो ‘तो’. यात शिकवायचे ते काय, असे म्हणून मी तो दहा मिनिटांत आटोपतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचे) असाच तास संपवून निघालो, तो एक हुशार विद्यार्थी दाराशी आडवा आला. म्हणाला, “सर, माझ्या मनातलं तुम्ही वर्गात मोठ्यानं का सांगता?” मला वाटले, थट्टा करतो आहे. मी हसून म्हटले, “अरे, मास्तराला सगळं कळतं!” तो हसला नाही.

महिनाभराने त्याचे येणे बंद झाले. घरी गेलो, तर त्याची आई दारातच हळू आवाजात म्हणाली, “सर, बाहेरचं आहे हो काहीतरी.” लिंबू, अंगारा, अमावास्येच्या वाऱ्या, सगळे करून झाले होते. मुलगा खिडकीशी बसला होता. दोन माणसे आपल्याविषयी सारखी बोलतात, म्हणाला. ‘हा आता उठला, हा पाणी प्यायला.’ माझे व्याकरण तिथे थिजले. स्वतःच्याच डोक्यात तो ‘मी’ उरला नव्हता, ‘तो’ झाला होता!

या आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव ब्लॉइलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ साली दिले. मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात तीनशे-साडेतीनशे माणसांमागे एकाला तो असतो. म्हणजे आपल्या आळीतही कुणी असेलच.

पण आपलेच विचार परके कसे वाटतात? वाचकहो, स्वतःला गुदगुल्या करून पाहा. होत नाहीत! हात हलवण्याचा हुकूम सोडताना मेंदू त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो, कचेरीत पत्राची स्थळप्रत ठेवतात तशी. ‘हा स्पर्श आपलाच आहे’ हे त्याला आधीच ठाऊक असते. सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली लंडनमध्ये हे मेंदूची चित्रे घेऊन तपासले. पुढे २००० साली त्यांना असे आढळले, की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा कुणी आपल्याला चालवते आहे असे वाटते, अशा रुग्णांना स्वतःचा स्पर्शही परक्याच्या स्पर्शाइतकाच जाणवतो. मनातल्या बोलण्याचेही असेच होत असावे, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. स्थळप्रत हरवली, की आपलेच पत्र परक्याचे म्हणून हाती पडते. सगळे कोडे एवढ्याने सुटत नाही. पण रोगी सोंग करत नाही, त्याला खरोखरच ऐकू येते, एवढे तरी त्यातून उमगते.

म्हणजे आपण ‘बाहेरचे’ म्हणतो ते आतलेच! आतले बाहेरचे वाटणे, हेच तर दुखणे. या गैरसमजापायी किती जणी घराला मुकतात, ते आमच्याच जिल्ह्यात दिसते. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माऊली’ संस्थेत रस्त्यावर बेवारस सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आसरा मिळतो. त्यांनाही कधीकाळी घर होतेच ना?

माझ्या विद्यार्थ्याच्या आईने अखेर ऐकले. मनोविकारतज्ज्ञांचे औषध सुरू झाले. आज तो मामाच्या दुकानात हिशेब पाहतो. परवा फराळाचा डबा घेऊन आला, तेव्हा मी त्या हसण्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, “सर, तोवर मला नुसती शंका होती. तुम्ही ‘सगळं कळतं’ म्हणालात, अन् खात्रीच पटली.”

त्या दिवशी काय म्हणायला हवे होते, ते आता कळते. हसायचे नाही, वाद घालायचा नाही, होकारही द्यायचा नाही. “मला ऐकू येत नाही, पण तुला येतं हे मी मानतो. चल, आपण डॉक्टरांकडे जाऊ.” बस्स, एवढेच.

“आणि ते दोघे?” मी भीत भीत विचारले.

“आहेत अजून. पण गोळी चुकली नाही, तर हळू बोलतात,” तो म्हणाला, आणि त्याने डब्यातली चकली माझ्यापुढे केली.