औषधाच्या जोडीला वजनकाटा

रुग्णालयात भेटायला गेलेली मंडळी ताप किती, रक्तदाब किती, हे हटकून विचारतात. वजन किती, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. तमिळनाडूत क्षयरोग्याच्या बाबतीत हा प्रश्न आता सुरुवातीलाच विचारला जातो.

मराठी राजवटीमुळे आपल्याला ओळखीच्या असलेल्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ चोळपुरम् हे छोटे गाव आहे. अशा गावातल्या प्रौढ माणसाला क्षय झाल्याचे सरकारी केंद्रात निष्पन्न झाले, की तीन गोष्टी पाहायच्या असतात: वजन-उंची व पायांवरची सूज, श्वासाची गती व रक्तातला प्राणवायू, आणि रुग्ण आधाराशिवाय उभा राहतो का. २०२२ साली सुरू झालेल्या या योजनेचे नाव ‘कासनोय इरप्पिल्ला तिट्टम्’, म्हणजे क्षयाने मृत्यू होऊ न देण्याची योजना. प्रकृती गंभीर दिसली, तर रुग्णाला दाखल करून औषधांबरोबर आहाराचेही उपचार करतात. घाई अशासाठी, की क्षयाचे पुष्कळ मृत्यू उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात.

हिशेब सोपा आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले, तर शरीर कुपोषित समजतात. १४ किंवा त्याखाली गेले, तर जिवाला धोका. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन निदान साडेएकेचाळीस किलो हवे. ते साडेएकतीसवर आले, तर तिला घरी पाठवून चालत नाही.

मग तिला भरपूर जेवू घालावे का? इथेच घरची माया आडवी येते. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भात-गोडधोड दिले, की रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घटते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून आहार थोडाथोडा, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वाढवतात.

योग्य आहाराचा गुण झारखंडमधील अभ्यासात दिसला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याला मिळणारे दरमहा पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. ते त्याच्याच ताटात पडतात ना, हे घरच्यांनी पाहावे.

कुपोषण काही क्षयापुरते नाही. कर्करोग, पक्षाघात, मोठी शस्त्रक्रिया यांतही माणूस खंगतो. आपला माणूस दाखल असेल, तर तीन गोष्टी स्वतःहून डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात: गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरले, जेवण किती घटले, पायांवर सूज आहे का. आणि आठवड्यातून एकदा वजन करायला सांगावे. त्याला खर्च काहीच नाही.