विद्वत्सभेचे ग्रंथालय : मराठी संशोधनाचा एक दुर्लक्षित विषय

मराठी विभागांतून सिद्ध होणाऱ्या प्रबंधांच्या आरंभी ग्रंथालयांविषयीचा ऋणनिर्देश आवर्जून आढळतो. प्रबंधाच्या अंतरंगात मात्र त्या ग्रंथालयांचा विचार अभावानेच होतो. ग्रंथालय हे आपण संशोधनाचे साधन मानतो, संशोधनाचा विषय मानत नाही. जणू तेथील ग्रंथ आपोआप जमा झाले आणि आपली वाट पाहत राहिले! ही समजूत तपासून पाहण्याची गरज आहे. त्यासाठी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

२६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. १८३० पासून ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १८३३ साली पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये तिचे ग्रंथालय स्थिरावले. माणकजी कर्सेटजी यांच्या रूपाने पहिला एतद्देशीय सभासद या संस्थेला मिळाला तो १८४० मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर छत्तीस वर्षांनी. न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ साली अध्यक्ष झाले, तोवर अठ्ठ्याऐंशी वर्षे लोटली होती. संग्रहाची पायाभरणी झाली त्या काळात कोणता ग्रंथ संग्राह्य हे ठरवणारे आणि तो वाचणारे कोण होते, याचे उत्तर या दोन तारखांत आहे. वृत्तपत्रांतून या ग्रंथालयाचा उल्लेख आला की माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलेली दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'ची हस्तलिखित प्रत हटकून पुढे येते. ती मौल्यवान आहे, यात शंका नाही. परंतु मराठीच्या अभ्यासकाचे कुतूहल तेवढ्यावर थांबू नये.

एतद्देशीय विद्वानांचा प्रवेश झाल्यावर संग्रहाचे स्वरूप पालटू लागले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी परिश्रमपूर्वक जमवलेली हस्तलिखिते १८७४ मधील त्यांच्या निधनानंतर संस्थेकडे आली. तथापि या नव्या विद्वत्तेचाही मुख्य ओढा संस्कृत, प्राकृत, शिलालेख आणि नाणी यांकडे होता. ह. दा. वेलणकर यांनी १९३० पर्यंत पूर्ण केलेली हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची हे सूचिकार्याचा आदर्श ठरावे असे काम आहे. तिच्या शीर्षकातही संस्कृत व प्राकृत हीच नावे आहेत. सूचीत ज्याची नोंद होते ते अभ्यासकाच्या दृष्टीस पडते; ज्याची होत नाही ते कपाटात असूनही नसल्यासारखेच असते. मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी १८९३ साली ठाण्यात आणि १८९८ साली मुंबईत स्वतंत्र मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, या घटनेकडेही या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात एक वेगळे वळण आले. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना प्रती देणे बंधनकारक झाले, त्यांपैकी एक टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय होते. १९९४ मध्ये ते सोसायटीपासून वेगळे झाले. या कायद्यात रसिकतेला वा विद्वत्तेला निवडीचा अधिकार नाही. रहस्यकथा, पाकपुस्तक, महाकाव्य हे सारे त्याला सारखेच. आमच्या मते वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ही 'अविवेकी' जमवाजमव विवेकी निवडीइतकीच मोलाची आहे. कोणत्याही पिढीच्या अभिरुचीने जे टाकाऊ ठरवले असते, ते टिकण्याची शक्यता तिच्यामुळेच निर्माण होते.

हा विषय ग्रंथालयशास्त्राचा आहे, मराठी विभागाचा नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. ग्रंथांचे वर्गीकरण व जतन हे त्या शास्त्राचे क्षेत्र आहे, हे मान्यच आहे. परंतु 'अमुक कालखंडात अमुक प्रकारचे लेखन आढळत नाही' असे विधान वाङ्मयाचा इतिहासकार करतो, तेव्हा ते लेखन झाले नाही की कोणी जपून ठेवले नाही, हा प्रश्न त्याचाच असतो. त्याचे उत्तर ग्रंथनोंदवह्या, देणगीदारांच्या याद्या आणि जुन्या सूची यांतच शोधावे लागते. ते न शोधता केलेले विधान संग्रहातील उणीव वाङ्मयाच्या माथी मारते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. हस्तलिखित वा दुर्मीळ ग्रंथ उद्धृत करणाऱ्या प्रत्येक प्रबंधात तो ग्रंथ त्या संग्रहात केव्हा, कोणाकडून आणि कोणत्या वर्गाखाली दाखल झाला, याची शक्य तेथे नोंद असावी. तसेच एखाद्या विद्वत्सभेच्या ग्रंथसंग्रहाचा इतिहास हा मराठी विभागाने पीएच. डी.साठी स्वीकारार्ह विषय मानावा. दुर्गा भागवत यांच्यासारख्या विदुषीने ज्या वाचनालयात वर्षानुवर्षे बसून अभ्यास केला, त्या वाचनालयाच्या घडणीचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्याने केल्यास तो मराठीच्या कक्षेबाहेर गेला, असे कोणी म्हणू नये. उलट, आपण कशाच्या आधारे बोलतो, हे त्याने प्रथमच नीट तपासले, असे म्हणावे लागेल.