तिजोरी आणि नोंदवही

बँकेत आम्हां कारकुनांना सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात. तिजोरी जितकी महत्त्वाची, तितकीच नोंदवही. ऐवज तिजोरीत असतो, पण तो कोणाचा हे नोंदवही सांगते. युद्धात एखाद्या देशाचा वारसा कशाने वाचतो, याचेही उत्तर आम्हांला यातच दिसते.

2003 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्या. तेलखात्याच्या इमारतीवर त्यांनी पहारा बसवला; राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारात मात्र कोणी नव्हते. 10 ते 12 एप्रिल या तीन दिवसांत तेथून सुमारे 15,000 वस्तू लुटल्या गेल्या. रणगाडे आले ते 16 तारखेला!

त्याच शहरात दुसरीही हकीकत घडली. निमरूद येथे असिरियन राण्यांच्या थडग्यांत सापडलेले सोन्याचे दागिने 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास मध्यवर्ती बँकेच्या तळघरात पेटीबंद करून ठेवले होते. 2003 मध्ये त्या तळघरात पाणी भरले. ते उपसून पेट्या उघडल्या, तेव्हा सोने जसेच्या तसे निघाले. आधी विचार केला होता, म्हणून वाचले.

आता नोंदवहीचे पाहा. संग्रहालयातून गेलेला वार्काचा 5,000 वर्षांपूर्वीचा कोरीव कलश जूनमध्येच परत आला. जगभरच्या पुस्तकांत ज्याचे चित्र आहे, तो माल विकणार कोणाला? पण बेवारस टेकाडे खणून चोरांनी जे नेले, त्याची नोंदच कुठे नव्हती. गिल्गमेशाच्या कथेचा मजकूर असलेली एक मातीची पाटी खोट्या कागदपत्रांवर अमेरिकेत विकली गेली. ती इराकला परत मिळायला 2021 साल उजाडले.

युद्धात वारसा जपण्यासाठी 1954 चा हेग करार आहे. तयारी शांततेच्या काळातच करावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारताने तो 1958 मध्ये मान्य केला, अमेरिकेने 2009 मध्ये, म्हणजे बगदाद लुटले गेल्यावर.

माणसे मरत असताना मडक्या-मूर्तींची काळजी कसली, असे काहीजण विचारतात. माणसाचा जीव पहिला, यात वादच नाही. पण जे जगतात, त्यांना आपण कोण हे सांगणारे काही तरी उरावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

2025 च्या मे महिन्यात देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. दिवे मालवायचे कसे, आसरा घ्यायचा कुठे, हे शिकवले गेले. ते योग्यच. पण आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी उभारलेले संग्रहालय आहे, प्राच्यविद्या मंदिरातील हस्तलिखिते आहेत. त्यांच्या याद्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी आहे काय? संकट आल्यास आधी काय हलवायचे, हे ठरले आहे काय? मंडळाने संबंधितांना पत्र लिहून हे विचारावे, अशी आमची सूचना आहे.

आणि विचारण्याआधी आपणही आपल्या घरच्या ट्रंका उघडाव्यात. मोडी कागद, सनदा, जुन्या वह्या यांची साधी यादी करावी, छायाचित्रे काढावीत आणि एक प्रत मंडळात ठेवावी. एका रविवारचे काम आहे. नोंद नसलेल्या ऐवजावर हक्क सांगता येत नाही, हे आम्ही काउंटरवर रोज पाहतो.